पन्नास टक्क्यांचे ओझे

हंटिंग्टन हा मेंदूतील चेतापेशींचा हळूहळू ऱ्हास घडवणारा आनुवंशिक आजार आहे. आई किंवा वडिलांना तो असेल, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता 50 टक्के असते आणि लक्षणे बहुधा तिशी-चाळिशीत, म्हणजे संसार मांडून झाल्यावर, दिसू लागतात. व्हेनेझुएलातील माराकाइबो सरोवराकाठच्या कुटुंबांच्या मदतीने 1983 साली या आजाराच्या जनुकाचा माग चौथ्या गुणसूत्रावर लागला आणि लक्षणे दिसण्यापूर्वीच भाकीत करणारी चाचणी शक्य झाली. आजारावर उपाय नसताना त्याची आगाऊ बातमी दिली, तर माणसे खचून जातील, अशी भीती त्या वेळी डॉक्टरांना वाटत होती आणि ती मुळीच अवास्तव नव्हती.

कॅनडातील संशोधकांनी या आजाराचा धोका असलेल्या 135 जणांची मनःस्थिती वर्षभर तपासली आणि 1992 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. काहींना धोका वाढल्याचे कळले होते, काहींना तो घटल्याचे. उरलेल्यांनी चाचणी नको म्हटले होते किंवा चाचणीतून काहीच निष्पन्न झाले नव्हते. धोका घटल्याचे कळलेले लोक वर्षाअखेरीस सावरलेले असावेत, यात नवल नाही. परंतु वाईट बातमी ऐकलेले लोकही, काहीच न कळलेल्यांच्या तुलनेत, कमी निराश होते.

हे असे का व्हावे, याचा एक धागा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये 2016 साली झालेल्या प्रयोगात सापडतो. त्यात 45 स्वयंसेवकांना संगणकाच्या पडद्यावरील दगडाखाली साप आहे की नाही, हे ओळखायचे होते आणि साप निघाला की हाताला विजेचा वेदनादायक झटका बसत असे. घामाचे प्रमाण आणि डोळ्यांतील बाहुल्यांचा आकार यांवरून ताण मोजला, तेव्हा तो सर्वाधिक आढळला तो झटका नक्की बसणार असताना नव्हे, तर बसण्याची शक्यता 50 टक्के असताना.

मेंदू सतत अंदाज बांधत असतो आणि चूक झाली की अंदाज सुधारत असतो. परिस्थिती स्थिर असेल, तर तो जुन्या अनुभवावर विसंबतो. ती पालटली असे वाटले, की नव्या माहितीला अधिक वजन देतो, सावध होतो आणि शिकण्याचा वेग वाढवतो. आयुष्याला मोठे वळण लागल्यावर हीच सावधगिरी उपयोगी पडते, मात्र शिकण्याजोगे काही हाती लागत असेल तरच. हंटिंग्टनच्या छायेतील माणसाला नवी माहिती मिळतच नाही, तरी सावधगिरी ओसरत नाही, आणि मग हातून कप निसटला किंवा एखादे नाव आठवेना, की तेच आजाराचे पहिले लक्षण वाटू लागते. (झोप अपुरी झालेल्या कोणाच्याही हातून कप निसटतो, हे त्या क्षणी पटत नाही.)

आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर पोटावर मल गोळा करणारी पिशवी लावावी लागलेल्या अमेरिकेतील रुग्णांच्या 2009 सालच्या अभ्यासातही हाच कल दिसला. पिशवी कायमची आहे, असे ज्यांना सांगितले होते, त्यांचे समाधान पुढील महिन्यांत वाढत गेले. ती कधीतरी निघेल, या आशेवर असलेल्यांचे तसे वाढले नाही.

यावरून प्रत्येकाने चाचणी करून घ्यावी असा अर्थ काढणे मात्र घाईचे होईल. कॅनडात चाचणीसाठी पुढे आलेले लोक मुळातच तयारीचे होते आणि त्यांना समुपदेशनाचा आधारही होता. नेमके जनुक 1993 साली सापडून चाचणी अधिक अचूक झाली, तरीही धोक्याच्या छायेतील बहुसंख्य लोक ती करून घेत नाहीत. शिवाय, धोका घटल्याचे कळलेल्यांपैकीही सुमारे दहा टक्के लोकांना मानसिक अडचणींना तोंड द्यावे लागले. आजार होणारच असे गृहीत धरून आयुष्याचे मोठे निर्णय घेऊन बसलेल्या माणसाला अचानक पुढची तीस-चाळीस वर्षे मिळतात आणि त्यांचे काय करायचे, याचा विचार त्याने कधीच केलेला नसतो.