व्हिएन्नातील लीड परंपरा

ऑस्ट्रियाच्या राजधानीत एकोणिसाव्या शतकात बहरलेली जर्मन गीतगायनाची परंपरा. ‘लीड’ म्हणजे स्वरबद्ध केलेली जर्मन कविता. ती एक गायक आणि एक पियानोवादक मिळून सादर करतात. मराठी रसिकाला भावगीत आठवेल, पण लीडमधला पियानो नुसती साथ करत नाही. कवितेत जे उच्चारलेले नाही ते तो सांगतो.

संगीतकार फ्रांट्स शूबर्टने (१७९७–१८२८) १९ ऑक्टोबर १८१४ रोजी, सतरा वर्षांचा असताना, जर्मन कवी गटेच्या ‘फाउस्ट’ या नाटकामधल्या सूत कातणाऱ्या ग्रेटखेनचे गाणे रचले. पियानोवर उजवा हात चाकासारखा अखंड फिरत राहतो. प्रियकराच्या चुंबनाची आठवण येते आणि चाक थांबते. मग अडखळत, दोन-तीनदा प्रयत्न करून, पुन्हा फिरू लागते. लीड म्हणजे काय, हे या एका थांब्यात कळते.

शूबर्टची सहाशेहून अधिक गीते आहेत. त्यांतली कितीतरी आधी मित्रांच्या दिवाणखान्यांत गायली गेली. या बैठकींना ‘शूबर्टियाडे’ म्हणत. ऑपेरागायक योहान मिखाएल फोग्लने ७ मार्च १८२१ रोजी शूबर्टचे ‘एर्लक्योनिग’ हे गीत जाहीर कार्यक्रमात गायले. मित्रांनी वर्गणी काढून त्याच वर्षी ते ‘ओपस १’ (रचना क्रमांक १) म्हणून छापवले. पुढे ब्राम्स, हुगो वोल्फ आणि मालर या संगीतकारांनी याच शहरात ही परंपरा पुढे नेली.

शूबर्टच्या मृत्यूनंतर हस्तलिखिते विखुरली. उद्योगपती निकोलाउस दुम्बा यांनी ती चिकाटीने जमवली आणि १९०० मध्ये मृत्युपत्राद्वारे शहराला दिली. नगरभवनातल्या ग्रंथालयाचा हा शूबर्ट-संग्रह २००१ पासून युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत आहे. त्यातली पाने आता संगणकावरही पाहता येतात. नाझी राजवटीमुळे परागंदा झालेले व्हिएन्नाचे ओटो एरिख डॉइच यांनी शूबर्टच्या रचनांची कालानुक्रमे सूची केली (१९५१). रचनांच्या नावापुढचा ‘डी’ क्रमांक त्यांच्याच आडनावाचे आद्याक्षर. सगळेच मात्र व्हिएन्नात राहिले नाही. चोवीस गीतांच्या ‘विंटरराइज’ची हस्तलिखित प्रत न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहे.

शूबर्टचे जन्मघर (नुसडॉर्फर श्ट्रासे ५४) शहराने संग्रहालय म्हणून जपले असून त्याचा चश्मा तेथील संग्रहात आहे. केटनब्र्यूकनगासे ६ येथील भावाचे घरही जपलेले आहे. शूबर्टचे निधन तिथेच झाले. अंथरुणाला खिळलेला असताना ‘विंटरराइज’च्या दुसऱ्या भागाची मुद्रिते त्याने याच घरात तपासली.