'झाइन' की 'ईअर'? जर्मनमधला 'त्याचा' आणि 'तिचा'

पेटरची बहीण म्हणजे 'झाइनं श्वेस्टर'. आनाचा भाऊ म्हणजे 'ईअर ब्रूडर'. नवशिक्यांच्या वहीत मात्र पेटरच्या बहिणीसाठी 'ईरं श्वेस्टर' हमखास सापडतं, कारण बहीण स्त्रीलिंगी, म्हणून 'ईअर' घ्यायचं असा हिशोब मनात झालेला असतो. तो हिशोब चुकीचा आहे. मराठी येणाऱ्याने तर तो करूच नये, कारण बरोबर हिशोब आपल्या भाषेतच तयार आहे.

आधी लेखनाबद्दल थोडं. 'झाइन' रोमन लिपीत एस-ई-आय-एन असं लिहितात आणि त्यातला 'झ' 'झाड'मधल्या 'झ'च्या जवळचा आहे. 'ईअर' लिहितात आय-एच-आर. प्रत्यय म्हणून शेवटी 'ई' हे अक्षर लागलं की त्याचा उच्चार 'घरं'मधल्या शेवटच्या स्वरासारखा होतो. म्हणून इथे 'झाइनं', 'ईरं' असं लिहिलं आहे. ई-आर हा प्रत्यय बोलताना जवळजवळ 'आ' ऐकू येतो, पण ओळखायला सोपं जावं म्हणून तो 'झाइनर', 'ईरर' असा लिहिला आहे.

आता 'त्याची' हा शब्द फोडून बघा: 'त्या' आणि 'ची'. 'त्या' सांगतो मालक कोण आहे. 'ची' सांगतो मालकीची वस्तू कुठल्या लिंगाची आहे. त्याचा भाऊ, त्याची बहीण, त्याचं पुस्तक; तिचा भाऊ, तिची बहीण, तिचं पुस्तक. पहिला तुकडा मालकाकडे बघतो, दुसरा वस्तूकडे, आणि दोघं एकमेकांच्या कामात पडत नाहीत. जर्मनमध्ये नेमकं हेच चालतं. मालक पुरुष असेल तर झाइन ब्रूडर, झाइनं श्वेस्टर, झाइन बूख (पुस्तक), झाइनं किंडर (मुलं). मालकीण बाई असेल तर ईअर ब्रूडर, ईरं श्वेस्टर, ईअर बूख, ईरं किंडर. इंग्रजी फक्त मालकाचं लिंग सांगते, वस्तूचं सांगत नाही. हिंदीतला 'उसका-उसकी' फक्त वस्तूचं सांगतो, मालकाचं नाही. या दोन्ही भाषांतून जर्मन शिकणाऱ्याला अर्धी व्यवस्था नव्याने बसवावी लागते. मराठीतून थेट गेलं तर ती आधीच बसलेली असते. वाक्य मनात इंग्रजीत तयार करून मग जर्मनमध्ये नेणारा हा फायदा हातचा घालवतो.

मालकाच्या बाजूला आणखी एक साम्य आहे. मराठीत 'तो' आणि 'ते' या दोघांचंही 'त्याचा' होतं. जर्मनमध्येही पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी मालक, दोघांनाही 'झाइन' लागतं. 'डास किंड' म्हणजे मूल, नपुंसकलिंगी. ते मूल मुलगी असलं तरी त्याची आई 'झाइनं मुटर'च. 'डास मेडशन' म्हणजे मुलगी हाही व्याकरणाने नपुंसकलिंगी शब्द, त्यामुळे नियमाप्रमाणे 'झाइन'. मात्र बोलताना, विशेषतः मुलीचा उल्लेख होऊन वाक्य-दोन वाक्यं गेली की, लोक सहज 'ईअर'वर येतात. लेखी परीक्षेत 'झाइन' ठेवलेलं सुरक्षित.

मालक निर्जीव असला की मराठीचं लिंग आड येतं. आपल्याला नदी म्हणजे 'ती'. पण ऱ्हाइन जर्मनमध्ये पुल्लिंगी आहे, 'डेअर राइन'. म्हणून तिचे काठ 'झाइनं उफर' होतात. डॅन्यूब म्हणजे 'डी डोनाउ' स्त्रीलिंगी, तिचे 'ईरं उफर'. शहरांची आणि बहुतेक देशांची नावं नपुंसकलिंगी धरतात, म्हणून बर्लिनचा इतिहास 'झाइनं गेशिष्टं'. स्वित्झर्लंड स्त्रीलिंगी, म्हणून त्याचे डोंगर 'ईरं बेर्गं'.

खरी गर्दी आहे ती 'ईअर'मध्ये. झाइनचं काम एकच, 'त्याचा'. ईअरच्या अंगावर तीन कामं आहेत: तिचा, त्यांचा आणि आदरार्थी तुमचा. यांतला आदरार्थी 'तुमचा' लिहिताना पहिलं अक्षर मोठं असतं, बाकीचे दोन लहान अक्षराने. बोलताना तिघे सारखेच ऐकू येतात आणि वाक्याच्या सुरुवातीला तर लिहूनही फरक कळत नाही. मग क्रियापदाकडे बघायचं ('झी' म्हणजे ती, ते किंवा आदरार्थी तुम्ही). 'झी लीप्ट ईरन ब्रूडर' यात 'लीप्ट' एकवचनी, म्हणजे तिचं तिच्या भावावर प्रेम आहे. 'झी लीबन ईरन ब्रूडर' यात अनेकवचन आलं, म्हणजे 'ते' किंवा आदरार्थी 'तुम्ही'. यापलीकडे 'ईअर' म्हणजे अनेकजणांना उद्देशून 'तुम्ही', आणि 'ईअर' म्हणजे 'तिला' असेही दोन अर्थ आहेत, पण ती सर्वनामं वाक्यात एकटी उभी असतात. त्यांच्या मागोमाग त्यांचं नाम येत नाही.

आता एक खास मराठी माणसाची चूक. आपण म्हणतो, 'बाबा आणि त्यांची गाडी'. आदर म्हणून अनेकवचन. हे डोक्यात ठेवून जर्मन लिहिलं की 'माइन फाटर उंट ईअर आउटो' तयार होतं, आणि वाचणाऱ्याला प्रश्न पडतो की ही गाडी कुठल्या बाईची? जर्मनमध्ये तिसऱ्या व्यक्तीबद्दल बोलताना आदराचं अनेकवचन नाही. वडील असोत, सर असोत, चान्सलर असोत, एकटा पुरुष म्हणजे 'झाइन'. 'माइन फाटर उंट झाइन आउटो'. बाईंबद्दल, आजींबद्दल लिहिताना हीच चूक लपून राहते, कारण 'त्यांची' आणि 'तिची' दोन्हीला 'ईअर'च आहे. तिथे क्रियापद अनेकवचनी घातलं की ती उघडी पडते.

वस्तूच्या बाजूला मराठीचं लिंग विसरावं लागतं. आपली किल्ली स्त्रीलिंगी, जर्मन 'श्ल्युसल' पुल्लिंगी. आपला चष्मा पुल्लिंगी, जर्मन 'ब्रिलं' स्त्रीलिंगी. त्यामुळे त्याची किल्ली होते 'झाइन श्ल्युसल' आणि त्याचा चष्मा होतो 'झाइनं ब्रिलं'. चा आणि ची यांची अगदी उलटापालट. म्हणूनच नाम पाठ करताना डेअर, डी, डास यांपैकी त्याचं उपपद सोबत पाठ करायला सांगतात. ते माहीत नसेल तर झाइन-ईअरचा प्रत्यय हा नुसता अंदाज राहतो.

मग येते विभक्ती. मराठीत शब्दयोगी अव्यय किंवा प्रत्यय लागला की 'त्याचा, त्याची, त्याचं' सगळ्यांचं 'त्याच्या' होतं आणि काम संपतं. जर्मनमध्ये प्रत्यय बदलत राहतात:

पहिली (नोमिनाटिव्ह): झाइन ब्रूडर, झाइनं श्वेस्टर, झाइन बूख, झाइनं किंडर
दुसरी (आकुझाटिव्ह): झाइनन ब्रूडर, बाकी तिन्ही पहिलीसारखेच
चौथी (डाटिव्ह): झाइनम ब्रूडर, झाइनर श्वेस्टर, झाइनम बूख, झाइनन किंडर्न
सहावी (गेनिटिव्ह): झाइनस ब्रूडर्स, झाइनर श्वेस्टर, झाइनस बूखस, झाइनर किंडर

'झाइन'च्या जागी 'ईर' ठेवा आणि तेच प्रत्यय लावा: ईरन, ईरम, ईरर, ईरस. हे प्रत्यय 'काइन' म्हणजे नकारार्थी उपपदाचेच आहेत, वेगळे पाठ करायला नकोत. डाटिव्हच्या अनेकवचनात नामालाही 'न' लागतो, तो विसरू नये.

इथे 'ईअर' एक फसवणूक करतो. त्याच्या शेवटी आधीच 'र' आहे. 'मिट' म्हणजे 'बरोबर', त्याला डाटिव्ह लागते, स्त्रीलिंगी डाटिव्हचा प्रत्यय ई-आर. विद्यार्थी 'मिट ईअर श्वेस्टर' लिहितो आणि त्याला वाटतं की 'र' तर लागलाय. लागलेला नाही. तो 'र' मूळ शब्दाचा आहे, प्रत्यय अजून लावायचाच आहे: 'मिट ईरर श्वेस्टर'. 'झाइन'मध्ये ही चूक होत नाही, कारण तिथे प्रत्यय नसला की लगेच रिकामं दिसतं. 'उंझर' म्हणजे आमचा किंवा आपला, तिथेही हेच: 'मिट उंझरर श्वेस्टर'. मूळ शब्दातला 'र' प्रत्ययात मोजायचा नाही.

दुसरा सापळा आपल्या 'ला'चा. 'तो तिच्या भावाला ओळखतो' आणि 'तो तिच्या भावाला मदत करतो', मराठीत दोन्हीकडे 'ला'. जर्मनमध्ये 'केनन' आकुझाटिव्ह मागतं आणि 'हेल्फन' डाटिव्ह. म्हणून 'एअर केंट ईरन ब्रूडर', पण 'एअर हिल्फ्ट ईरम ब्रूडर'. 'ला' ऐकून विभक्ती ठरवू नका, क्रियापदाला विचारा.

एक वाक्य शेवटपर्यंत चालवून बघू: 'ती त्याच्या आईला मदत करते.' मालक कोण? तो. म्हणजे 'झाइन'. करणारी 'ती' आहे याचा इथे काही संबंध नाही, आणि बरेचजण इथेच घसरतात. वस्तू, म्हणजे इथे व्यक्ती, कोण? मुटर, स्त्रीलिंगी. क्रियापद हेल्फन, म्हणजे डाटिव्ह. प्रत्यय ई-आर. उत्तर: 'झी हिल्फ्ट झाइनर मुटर'. हाच क्रम दर वेळी पाळावा, आधी मालक, मग नामाचं लिंग, मग विभक्ती. नामापासून सुरुवात केली की 'मुटर'चं स्त्रीलिंग डोक्यात बसतं आणि हात 'ईअर'कडे जातो.

नाम गाळून नुसतं 'त्याची' म्हणायचं असेल तर मराठीत शब्द बदलत नाही. जर्मनमध्ये मात्र, नामासोबत जिथे प्रत्यय नव्हता त्या रिकाम्या जागाही भरतात. 'ही किल्ली कोणाची?' याचं उत्तर 'झाइनर' किंवा 'ईरर', आणि पुस्तकाबद्दल असेल तर 'झाइन्स' किंवा 'ईर्स'.

एका ठिकाणी मराठी जर्मनपेक्षा स्पष्ट आहे. 'पेटर टोमासला आणि आपल्या बायकोला भेटतो' म्हटलं की ती पेटरची बायको, 'त्याच्या' म्हटलं की बहुधा टोमासची. जर्मनला 'आपला' नाही. 'पेटर बेझूख्ट टोमास उंट झाइनं फ्राउ' यात बायको कोणाचीही असू शकते. टोमासचीच म्हणायची असेल तर 'झाइनं'च्या जागी 'डेसन फ्राउ' घालतात. आना मारियाला आणि मारियाच्या भावाला भेटते, तिथे 'डेरन ब्रूडर'. डेसन पुल्लिंगी-नपुंसकलिंगी मालकासाठी, डेरन स्त्रीलिंगी आणि अनेकवचनी मालकासाठी. या दोघांना विभक्तीचा प्रत्यय लागत नाही: 'मिट डेरन ब्रूडर'. आणि 'आपल्या स्वतःच्या' हे ठासून सांगायचं असेल तर 'आयगन' हे विशेषण जोडतात: 'झाइनं आयगनं फ्राउ'.

हे सगळं कागदावर पहिल्यांदा कामी येतं ते पत्रात. जर्मन शिकवणाऱ्या गोएथे-इन्स्टिट्यूटच्या ए१ (सुरुवातीच्या पातळीच्या) परीक्षेत सुमारे ३० शब्दांचा छोटा मजकूर लिहायचा असतो, आणि तो मित्राला असेल तर शेवट 'डाइन पेटर' (तुझा पेटर) किंवा 'डाइनं आना' (तुझी आना) असा होतो. औपचारिक पत्राखाली मोठ्या अक्षराचं 'ईअर' किंवा 'ईरं' येऊ शकतं. १९९६ च्या लेखनसुधारणेने पत्रातलं 'डाइन' लहान अक्षराने लिहायला सांगितलं होतं, २००६ पासून मोठं अक्षरही चालतं. आदरार्थी 'ईअर'चं अक्षर मात्र नेहमी मोठंच. यातला मालक पत्र वाचणारा आणि 'वस्तू' म्हणजे सही करणारा, म्हणून प्रत्यय लिहिणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे. मराठी पत्राखाली मुलगा 'तुझा' लिहितो, मुलगी 'तुझी', अगदी तसंच.