बिटलेस लगाम: घेण्याआधी आणि चढवण्याआधी

बिट म्हणजे घोड्याच्या तोंडात घालायची धातूची कांब. बिटलेस लगामात ती नसते, इशारा बहुधा नाकावरच्या पट्टीतून जातो. त्यामुळे पहिला प्रश्न ठरलेला असतो: "तोंडात बिटच नाही, मग घोडा थांबणार कसा?"

खरं सांगायचं तर बिट होतं तेव्हाही तो लोखंडामुळे थांबत नव्हता. उधळलेला घोडा जबडा ताठ करतो, बिट तोंडात धरतो आणि पळत राहतो. थांबायचा इशारा त्याला शिकवलेला असतो आणि तुमची मांड, कंबर, श्वास तो पाठीवर ओळखत असतो, म्हणून तो थांबतो. हे शिक्षण कच्चं असेल तर आमचा लगाम काही चमत्कार करणार नाही.

तोंडात नेमकं काय होतं

घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये बिनदाताची मोकळी जागा असते. बिट तिथेच बसतं. खालच्या जबड्याच्या हाडाची कड तिथे अरुंद असते आणि वर फक्त पातळ हिरडी. स्वतःच्या नडगीवरून बोट फिरवून बघा, अंदाज येईल. तिथली जखम ओठाआड लपते, त्यामुळे बाहेरून काही कळत नाही.

पण तोंड सोडलं आणि नाक धरलं, तर घोड्याला काय मिळालं? नाकाचं हाड खाली जाता जाता निमुळतं, पातळ होतं. त्याच्या टोकाखाली आधाराला हाड नाही, नुसता मऊ भाग. शिवाय घोडा श्वास नाकानेच घेतो, माणसासारखा तोंडाने घेऊ शकत नाही. पट्टी चार बोटं खाली घसरली की दाब थेट श्वासावर येतो. म्हणूनच "बिटलेस म्हणजे आपोआप सौम्य" असं आमच्याकडे कोणी म्हणालं, की आम्ही त्याला आधी बसवून घेतो.

कोणता घ्यावा

बहुतेकांना साइडपुल पुरतो. नाकपट्टीच्या दोन्ही बाजूंना कड्या, त्यांत हातात धरायच्या वाद्या. उजवी ओढली की तोंड उजवीकडे. नवशिक्या स्वारालाही समजतो, घोड्यालाही.

क्रॉस-अंडरमध्ये पट्टे हनुवटीखालून एकमेकांना ओलांडून जातात. पशुवैद्य प्राध्यापक रॉबर्ट कुक यांच्यामुळे ही रचना पुष्कळांना माहीत झाली. वळायला छान, पण एक खोट आहे: चामडं कोरडं असेल तर हात सैल सोडल्यावरही पट्टे लगेच सैल होत नाहीत. घोड्याने ऐकलं आणि दाब मात्र तसाच, म्हणजे ऐकल्याची शाबासकी त्याला मिळालीच नाही. पट्टे मऊ ठेवा.

मेकॅनिकल हॅकमोरला दोन्ही बाजूंना धातूच्या दांड्या असतात आणि हनुवटीखाली साखळी किंवा पट्टा. ही तरफ आहे. हाताने थोडं ओढलं तरी नाकावर त्याच्या कितीतरी पट दाब येतो. सराईत हातात ठीक. "घोडा फार ओढतो" म्हणून हाच हवा असेल, तर आम्ही देत नाही. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

नुसत्या गळदोरीवर स्वारी करणारेही आहेत. उत्तर आफ्रिकेतले नुमिडियन घोडेस्वार लगामाशिवाय लढत. रोममधल्या ट्रेजनच्या स्तंभावर उत्तर आफ्रिकेतले असे घोडेस्वार कोरलेले आहेत. स्टेसी वेस्टफॉल यांनी 2006 मध्ये अमेरिकेत खोगीर नाही, लगाम नाही अशा घोड्यावरून रेनिंगची, म्हणजे ठरावीक वळणं, गिरक्या आणि थांबे करून दाखवायची स्पर्धा जिंकली. बघायला सुंदर, पण त्यामागची मेहनत आधी लक्षात घ्या. गळदोरी आम्ही वेगळी विकत नाही, साइडपुलच्या जोडीलाच देतो.

माप आणि बसवणं

गालाच्या हाडाची उभार कड बोटाने चाचपा. ती जिथे संपते तिथून साधारण दोन बोटं खाली नाकपट्टी यायला हवी. पट्टी आणि नाक यांच्यामध्ये दोन बोटं सहज सरकली पाहिजेत, घोड्याला चघळता आलं पाहिजे. मग एका बाजूची वादी ओढून बघा. पलीकडचा गालपट्टा डोळ्याकडे सरकतो का? सरकत असेल तर माप चुकलं.

आमचीही एक चूक सांगतो. पूर्वीच्या एका नमुन्यात नाकपट्टीची शिवण आतल्या बाजूला होती. एका ग्राहकाने फोटो पाठवला: घोड्याच्या नाकावर नाण्याएवढा केस गेलेला डाग आणि टाक्यांमध्ये अडकलेले तांबूस केस. तेव्हापासून शिवण बाहेर आणि आत अस्तर. तरीही रपेट झाल्यावर नाकावरून हात फिरवायची सवय ठेवा. केस विस्कटलेले किंवा जागा गरम लागली तर दोन दिवस विश्रांती, मग पुन्हा माप.

पहिले दिवस

आधी जमिनीवरून. थांब, मागे सर, डावीकडे, उजवीकडे. इशारा मिळताच हात सैल. हे हलक्या बोटांवर जमेपर्यंत मांड ठोकू नका. पुढे काही दिवस जुना लगाम आणि नवा एकत्र चढवून दोन जोड वाद्या धरता येतात. नव्याने विचारायचं, जुना फक्त हाताशी. पहिली स्वारी कुंपणाच्या आत, चालीने. एका बाजूला मान वळवून थांबवायचा सराव तिथेच पक्का करा, कारण बुजलेल्या घोड्यावर तो नव्याने शिकवता येत नाही.

घोडा डोकं झटकतो, तोंड उघडतो म्हणून बिट काढायचं असेल, तर आधी पशुवैद्याकडून दात तपासून घ्या. दोष दाढेच्या टोकाचा असला, तर गालपट्ट्याखालीही ती टोचेलच.

स्पर्धेत उतरणाऱ्यांसाठी: आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाच्या ड्रेसाजमध्ये (ठरलेल्या हालचाली करून दाखवायच्या स्पर्धांत) बिट सक्तीचं आहे, उड्यांच्या स्पर्धांत बिटलेस सर्वसाधारणपणे चालतो. स्थानिक नियम आयोजकांना विचारा.

नवं चामडं घामाने ताणतं. पहिल्या आठ-दहा रपेटींनंतर नाकपट्टी बहुधा एक भोक घट्ट करावी लागते. तेव्हा दोन बोटांची चाचणी पुन्हा करा.