मुलाला राधा व्हायचं असतं तेव्हा: वेश, परवानगी आणि निवड यांची पार्श्वभूमी

गोकुळाष्टमी जवळ आली की बालवाडीच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर सूचना येते: मुलांनी कृष्ण होऊन यावं, मुलींनी राधा. बहुतेक घरांत यावर कुणी विचारही करत नाही. एखाद्या घरात चार वर्षांची मुलगी मोरपीस आणि बासरीच हवी म्हणून हटून बसते. तिचं चालतं, आजी कौतुकाने दृष्ट काढते, फोटो सगळ्या नातेवाइकांना जातात. त्याच वयाचा मुलगा घागरा आणि बांगड्या मागतो तेव्हा मात्र घर जरा गप्प होतं. कुणी हसण्यावारी नेतं, कुणी त्याला बासरीचं आमिष दाखवतं.

'आपल्याकडे असलं कधी नव्हतं' हे वाक्य अशा वेळी हमखास निघतं. ते म्हणणाऱ्यांना मराठी रंगभूमीचा विसर पडलेला असतो. 'आपल्याकडे पूर्वी सगळं चालायचं' असं उलट सांगणारेही अर्धीच गोष्ट सांगतात. मुलग्याने बाईचा वेश घेणं महाराष्ट्राला मुळीच नवं नाही. पण तो कुणी, कधी आणि कशासाठी घ्यायचा हे नेहमी मोठ्यांनी ठरवलं. मुलाने आपणहून मागणं ही गोष्ट त्या इतिहासात जवळजवळ सापडत नाही.

अगदी तान्ह्या बाळापासून सुरुवात करू. अंगडं, टोपडं, कुंची, झबलं यांत मुलगा-मुलगी हा भेद फारसा नव्हताच. जावळ काढेपर्यंत मुलग्याचे केसही वाढलेले असत. त्या केसांच्या दोन शेंड्या बांधून, काजळ घालून, परकर-पोलकं किंवा बहिणीचा फ्रॉक चढवून स्टुडिओत काढलेला मुलग्याचा फोटो कितीतरी घरांच्या अल्बममध्ये आहे. मुलीची हौस असलेल्या आयांनी ती अशी भागवून घेतली. पुढे त्याच फोटोवरून त्या मुलग्याची लग्नापर्यंत थट्टा झाली असेल, पण फोटो काढताना कुणाला काही वावगं वाटलं नाही.

दुसरं कारण हौसेचं नव्हतं, भीतीचं होतं. ज्या घरात मुलगे जगत नसत, तिथे नव्या मुलग्याला मुलीसारखं वाढवायचं, नाक टोचायचं, दगडू-धोंडू असं नाव ठेवायचं, म्हणजे नजर लागत नाही आणि काळ फसतो, अशी समजूत होती. नथुराम गोडसेच्या बालपणाची हकीकत याच समजुतीची आहे. आधीचे मुलगे गेल्यामुळे आई-वडिलांनी त्याला सुरुवातीची काही वर्षं मुलीसारखं वाढवलं, नाकात नथ घातली आणि नाव त्यावरूनच पडलं. या प्रथेत एक गोष्ट लपत नाही. मुलगी काळाला नकोशी असेल या हिशेबावरच ती उभी आहे. सीमाभागात यल्लम्मा देवीला मुलगा वाहून त्याला जोगता, म्हणजे देवीचा सेवक, करण्याची रीत याहून कठोर. तिथे लुगडं आयुष्यभराचं असे, आणि मुलाला विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

सगळ्यात मोठी शाळा अर्थातच नाटक कंपनीची. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' उभं केलं तेव्हापासून पुढची नव्वदेक वर्षं मराठी रंगभूमीवरच्या बहुतेक नायिका पुरुष होते. त्यातले बरेच तर मुलगेच होते. आवाज फुटायच्या आतली मुलं कंपन्यांना हवी असत. गोड गळा, नाजूक अंगलट आणि घरची गरिबी, एवढ्या भांडवलावर मुलगा कंपनीत दाखल होई आणि 'स्त्री-पार्टी' म्हणून तयार केला जाई. चालणं, पदर सावरणं, मान वळवणं, सगळं शिकवलं जाई.

केशवराव भोसल्यांचं उदाहरण माझ्या मते यात सर्वात बोलकं आहे. १८९० साली कोल्हापुरात जन्मलेला हा मुलगा अगदी लहान वयात स्वदेशहितचिंतक मंडळी या नाटक कंपनीत गेला आणि गोविंद बल्लाळ देवलांच्या 'शारदा' नाटकातल्या शारदेच्या भूमिकेने गाजला. नाटकाचा विषय काय, तर पैशासाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली जाणारी मुलगी. तिची इच्छा कुणी विचारत नाही म्हणून प्रेक्षक हळहळत होते. शारदेचं लुगडं नेसलेल्या त्या मुलाची इच्छा तरी कुणी विचारली होती? केशवरावांनी पुढे १९०८ साली ललितकलादर्श ही स्वतःची कंपनी काढली आणि पुरुषभूमिकाही गाजवल्या. १९२१ मध्ये दोन कंपन्यांनी मिळून 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग केला त्यात ते धैर्यधर होते आणि समोर भामिनी म्हणून बालगंधर्व.

नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत शकुंतला म्हणून उभे राहिले तेव्हा सतरा वर्षांचे होते. त्यांच्या शालूंची, केसांतल्या फुलांची आणि नथीची नक्कल घरंदाज बायका करत. दीनानाथ मंगेशकरही किशोरवयातच किर्लोस्करमध्ये स्त्रीभूमिका करू लागले. या सगळ्यांनी लग्नं केली, संसार केले. 'मुलाने फ्रॉक घातला तर तो तसाच होईल' ही आजची धास्ती त्या काळच्या प्रेक्षकांना समजावून सांगावी लागली असती. अर्थात त्यांची स्वीकृती रंगमंचाच्या पडद्यापुरती होती हेही खरं. बालगंधर्वांच्या भामिनीवर जीव टाकणाऱ्या गृहस्थाने स्वतःच्या मुलाला घरात नथ घालू दिली असती असं नाही. शिवाय हे सगळं चालत होतं, कारण खऱ्या बाईने रंगमंचावर येणं त्याहून मोठं पाप मानलं जाई.

चित्रपटांत हीच रीत काही काळ चालली आणि तिथेच ती उलटीही झाली. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी दादासाहेब फाळक्यांना तारामती व्हायला कुणी बाई मिळाली नाही. शेवटी खानावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. १९१७ च्या 'लंका दहन'मध्ये तर राम आणि सीता दोघंही साळुंकेच होते. त्यानंतर फाळक्यांनी 'श्रीकृष्ण जन्म' आणि १९१९ साली 'कालिया मर्दन' केला. त्यातला बाळकृष्ण म्हणजे त्यांची स्वतःची मुलगी मंदाकिनी. 'कालिया मर्दन'चा बराचसा भाग आजही पाहायला मिळतो. फाळक्यांनी त्यात काही लपवलं नाही. सुरुवातीला ही छोटी मुलगी कॅमेऱ्यासमोर वेगवेगळे भाव करून दाखवते, हसते, रागावते, आणि मग पडद्यावरच तिचं रूप विरघळून कृष्णाचं होतं. प्रेक्षकांनी आधी मुलगी पाहिली, मग कृष्ण पाहिला, आणि कुणाची भक्ती कमी झाली नाही. गोकुळाष्टमीला बासरी मागणाऱ्या आजच्या मुलीचा मार्ग शंभर वर्षांपूर्वीच मोकळा झाला होता.

गावाकडे तर पुरुषाच्या अंगावरचं लुगडं मुलं लहानपणापासून पाहतच होती. तळकोकणातल्या दशावतारात राणी आणि गवळण पुरुषच. रत्नागिरीकडच्या नमन-खेळ्यांत मावशी पुरुष, तमाशातला नाच्या पुरुष. वारीत एकनाथांचं भारूड रंगात आलं की धिप्पाड वारकरी डोक्यावर पदर घेऊन 'दादला नको गं बाई' म्हणतो आणि पुढच्या रांगेतली पोरं लोळून हसतात. पण या सगळ्याला नाव आहे 'सोंग'. सोंग ठरलेल्या दिवशी आणतात, संपलं की उतरवतात, आणि बहुतेक वेळा ते हसवण्यासाठी असतं. मुलग्याला खरोखर सुंदर दिसायचं असेल, हसू व्हायचं नसेल, तर त्याला सोंगात जागा नाही.

मग कपड्यांची ही घट्ट वाटणी आली कुठून? सगळी आपल्या परंपरेतून नाही. युरोप-अमेरिकेतही विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मुलगे चार-पाच वर्षांचे, कधी त्याहूनही मोठे होईपर्यंत झगेच घालत. पहिली विजार हा तिथे छोटा समारंभच असे. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा १८८४ सालचा, अडीच वर्षांच्या वयातला फोटो प्रसिद्ध आहे: लांब केस, पांढरा झगा, हातात पिसाची टोपी. कारण साधं होतं. ओलं होणाऱ्या, भराभर वाढणाऱ्या मुलाला बटणांच्या विजारीपेक्षा झगा सोयीचा. गुलाबी-निळ्याचं तर हसूच येतं. १९१८ साली अमेरिकेतल्या मुलांच्या कपड्यांच्या एका व्यापारी मासिकाने सल्ला दिला होता की गुलाबी हा ठसठशीत रंग मुलग्यांना द्यावा आणि नाजूक निळा मुलींना. आजची उलटी वाटणी पक्की झाली ती नंतर, तयार कपड्यांच्या बाजाराने. एकच झबलं थोरल्या भावाचं धाकट्या बहिणीला गेलं तर दुकानदाराचं एक गिऱ्हाईक कमी होतं, हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही. आपल्याकडे मॉलमधल्या गुलाबी आणि निळ्या रांगा आल्या त्या उदारीकरणानंतर, आणि दोन पिढ्यांच्या आत त्या सनातन वाटू लागल्या.

शाळेने या वाटणीवर शिक्का मारला. हाफपँट आणि पिनाफोर यांनी रोजचा दिवस दोन भागांत कापला. गंमत म्हणजे फक्त मुलींच्या आणि फक्त मुलग्यांच्या शाळांत स्नेहसंमेलनाला ही भिंत आपोआप पडायची. मुलींच्या शाळेत शिवाजी मुलगीच, अफझलखानही मुलगीच. मुलग्यांच्या शाळेत जिजाऊ होणारा कुणीतरी गोरागोमटा मुलगा ठरलेला. एकत्र शाळा वाढल्या तशी ही गरज संपली आणि प्रत्येक पात्राला 'योग्य' मूल मिळू लागलं. फॅन्सी ड्रेसच्या स्पर्धांत गाजर, टोमॅटो, झाड आणि ट्रॅफिक सिग्नल एवढे लोकप्रिय का, याचं एक उत्तर मला यात दिसतं. त्यांच्यावरून कुणाची कुजबुज होत नाही.

ही वाटणी दोन्ही बाजूंनी सारखी नाही, आणि खरी गाठ तिथेच आहे. मुलीने फेटा बांधला, तलवार धरली, झाशीची राणी होऊन पुरुषी अंगरखा घातला की टाळ्या पडतात. 'ही माझी मुलगी नाही, मुलगाच आहे' हे आई-बाप अभिमानाने सांगतात. उलट 'हा माझा मुलगा नाही, मुलगी आहे' असं अभिमानाने कुणी सांगितलेलं ऐकिवात नाही. 'बायल्या' ही शिवी आहे. आंदोलनात अधिकाऱ्याला बांगड्यांचा आहेर करतात तो त्याचा अपमान म्हणून. मुलगी पुरुषाचा वेश घेते तेव्हा ती वर चढते, मुलगा बाईचा वेश घेतो तेव्हा खाली उतरतो, असा हा जुना हिशेब आहे. मुलग्याच्या घागऱ्याला होणारा विरोध म्हणजे बऱ्याच अंशी बाईपणाबद्दलचं मत आहे, आणि घरातली मुलगीही ते ऐकत असते.

मुलांच्या डोक्यात या वयात काय चाललेलं असतं, यावर मानसशास्त्रात जुना अभ्यास आहे. लॉरेन्स कोलबर्ग यांनी १९६६ मध्ये मांडलं की साधारण पाच-सहा वर्षांपर्यंत मुलांना आपण मुलगा किंवा मुलगी आहोत हे ठाऊक असतं, पण कपडे-केस बदलले तरी ते तसंच राहतं याची खात्री नसते. सँड्रा बेम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आपल्या मुलाची गोष्ट सांगत. चार वर्षांचा हा मुलगा केसांना क्लिपा लावून बालवाडीत गेला. तिथला दुसरा मुलगा ठाम होता की हा मुलगी आहे, कारण क्लिपा फक्त मुलीच लावतात. याने कितीही पटवलं तरी तो बधला नाही. म्हणजे या वयातली मुलं मोठ्यांपेक्षा मोकळी असतात हा समजही पूर्ण खरा नाही. वर्गातला सर्वात कडक पहारेकरी पुष्कळदा पाच वर्षांचाच असतो. घागऱ्याने पुढचं आयुष्य ठरत नाही. ज्या मुलाला पुढे आपली लिंगओळख वेगळी असल्याचं जाणवतं, त्याच्याबाबतीतही ती कपाटातल्या कपड्याने निर्माण केलेली नसते.

अलीकडच्या काळात शाळांच्या पातळीवर थोडी हालचाल झाली. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ साली स्वयंपाकघरात काम करणारा बाप दिसला आणि त्याची बातमी झाली. बातमी होण्याजोगं ते वाटलं, यातच बरंच आलं. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यातल्या वळयनचिरंगरा इथल्या सरकारी प्राथमिक शाळेने मुलग्या-मुलींना सारखीच तीन-चतुर्थांश विजार आणि शर्ट दिला. डिसेंबर २०२१ मध्ये बालुश्शेरीच्या सरकारी शाळेने पँट-शर्टचा समान गणवेश आणला तेव्हा काही मुस्लिम संघटनांनी विरोध केला. या 'समान' गणवेशात समान ठरली ती पँट. मुलग्याला स्कर्टची मुभा त्यात नव्हती.

त्याच वर्षी एनसीईआरटी या शालेय शिक्षणाच्या केंद्रीय संस्थेने शाळांतल्या ट्रान्सजेंडर मुलांच्या समावेशाबद्दल शिक्षकांसाठी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. गणवेशाची लवचिकता हा तिच्यातला एक मुद्दा होता. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने हरकत घेतली आणि थोड्याच दिवसांत ती पुस्तिका संकेतस्थळावरून काढली गेली. अशा वादांत निर्णय शेवटी वर्गशिक्षिकेवर येऊन पडतो. तिच्या हाताशी भाड्याच्या कपड्यांची यादी असते, पालकांचा गट असतो आणि वीस-पंचवीस मुलं. त्यातल्या एकाला यंदा राधा व्हायचं असतं.