जगज्जेता क्लब कोणता? इंटरकॉन्टिनेंटल कप आणि क्लब वर्ल्ड कपचा घोळ

१३ जुलै २०२५ ला न्यू जर्सीत चेल्सीने पॅरिस सेंट-जर्मेनचा, म्हणजे पीएसजीचा, ३-० असा धुव्वा उडवला आणि क्लब वर्ल्ड कप लंडनला नेला. पाच महिन्यांनी, १७ डिसेंबरला, कतारमध्ये त्याच पीएसजीने ब्राझीलच्या फ्लामेंगोला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून इंटरकॉन्टिनेंटल कप जिंकला. दोन्ही स्पर्धा फिफाच्याच. मग जगातला अव्वल क्लब चेल्सी की पीएसजी? त्यात आणखी भर म्हणजे जूनमध्ये क्लब वर्ल्ड कपच्या साखळी सामन्यात फ्लामेंगोने चेल्सीला ३-१ ने हरवलं होतं. त्रिकोण पूर्ण!

महाराष्ट्र केसरी पाहणाऱ्याला यातला मूळ फरक चटकन कळेल. तिथे मातीवरचा विजेता आणि गादीवरचा विजेता शेवटी समोरासमोर येतात आणि एका कुस्तीवर गदा कुणाची ते ठरतं. जुना इंटरकॉन्टिनेंटल कप अगदी असाच होता. एका बाजूला युरोपचा विजेता, दुसऱ्या बाजूला दक्षिण अमेरिकेचा, तिसरा कुणीच नाही. क्लब वर्ल्ड कप म्हणजे भरगच्च आखाडा. आधी साखळी, मग बाद फेरी, आणि अंतिम सामन्यात कोण येईल याचा नेम नाही.

जुन्या कपाची सुरुवात १९६० ची. रेआल माद्रिद विरुद्ध उरुग्वेचा पेन्यारोल. मॉन्टेव्हिडिओत ०-०, माद्रिदमध्ये ५-१. एक सामना तुमच्या घरी, एक आमच्या घरी. पण हिशोब गोलांचा नव्हता, जिंकलेल्या सामन्यांचा होता. त्यामुळे १९६१ मध्ये भलताच प्रकार झाला. बेन्फिकाने लिस्बनमध्ये १-० असा सामना मारला, पेन्यारोलने घरी ५-० ने उट्टं काढलं, आणि तरीही एकेक विजय म्हणून बरोबरी धरली गेली! तिसरा सामना खेळवावा लागला. तो पेन्यारोलने २-१ ने जिंकला.

पुढे पुढे या सामन्यांत फुटबॉल कमी आणि मारामारी जास्त होऊ लागली. १९६७ मध्ये स्कॉटलंडचा सेल्टिक आणि अर्जेंटिनाचा रेसिंग यांच्यात ब्युनोस आयर्सला सामना सुरू होण्याआधीच सेल्टिकचा गोलरक्षक रॉनी सिम्पसन याच्या डोक्यात काहीतरी फेकून मारलं गेलं. मॉन्टेव्हिडिओतल्या निर्णायक लढतीत सहा जणांना बाहेर काढलं, त्यातले चार सेल्टिकचे. १९६९ मध्ये कळसच झाला. अर्जेंटिनाच्या एस्तुदियान्तेसविरुद्ध इटलीच्या मिलानकडून खेळणाऱ्या नेस्टर कोम्बाँचं नाक फुटलं. तो जन्माने अर्जेंटिनाचा. सामना संपल्यावर लष्करी सेवा टाळल्याचा ठपका ठेवून तिथल्या पोलिसांनी त्यालाच धरलं. एस्तुदियान्तेसच्या तीन खेळाडूंनाही तुरुंगाची हवा खावी लागली, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

मग युरोपचे विजेते अंग काढून घेऊ लागले. आयाक्सने १९७१ आणि १९७३ मध्ये नकार दिला, बायर्न म्युनिकने १९७४ मध्ये. त्यांच्या जागी युरोपातला उपविजेता जायचा. या रीतीने अ‍ॅटलेटिको माद्रिद १९७४ चा कप जिंकून बसला. ज्या क्लबने युरोपियन कपचा अंतिम सामना बायर्नपुढे गमावला होता, तोच इंडिपेंडिएन्तेला हरवून जगात पहिला! १९७५ आणि १९७८ ला तर सामनाच झाला नाही.

कप वाचवला जपानने. १९८० च्या मोसमापासून टोयोटाने पुरस्कर्तेपद घेतलं, दोन सामन्यांऐवजी एकच ठेवला आणि तो टोकियोत आणला. परकं, तटस्थ मैदान. ना दगडफेक, ना सूड. सामनावीराला मोटार मिळायची. लोक याला टोयोटा कपच म्हणू लागले. १९८१ मध्ये झिकोच्या फ्लामेंगोने लिव्हरपूलला ३-० ने हरवलं, १९९९ मध्ये रॉय कीनच्या एकुलत्या गोलवर मँचेस्टर युनायटेडने पाल्मेरासला.

याच मँचेस्टर युनायटेडच्या वेळी खरा घोळ सुरू होतो. टोकियोतला कप जिंकून जेमतेम दीड महिना झाला आणि जानेवारी २००० मध्ये संघ ब्राझीलला गेला, फिफाच्या पहिल्यावहिल्या क्लब अजिंक्यपदासाठी. आठ संघांची ही स्पर्धा. त्यासाठी युनायटेडने इंग्लंडचा एफए कप सोडला, आणि तिथे गटातच बाद झाले. अंतिम सामन्यात कोरिंथियन्सने वास्को द गामाला पेनल्टींवर हरवलं. दोन्ही क्लब ब्राझीलचे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टोकियोत बोका ज्युनियर्सने रेआल माद्रिदला २-१ ने हरवून टोयोटा कपही नेला. एका वर्षात दोन जगज्जेते, म्हणजे २०२५ चा प्रकार काही नवा नाही. २००१ ची स्पर्धा मात्र रद्द करावी लागली, कारण फिफाची आयएसएल नावाची विपणन कंपनी दिवाळखोरीत निघाली. (आपल्या आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, तिच्याशी काही संबंध नाही.)

२००४ मध्ये पोर्तोने ओन्से काल्दासला पेनल्टींवर हरवलं आणि जुना कप बंद झाला. २००५ पासून फिफाने तो क्लब वर्ल्ड कपमध्ये मिसळून टाकला. आशिया, आफ्रिका, उत्तर अमेरिका, ओशनिया, सगळ्यांचे विजेते त्यात आले, पण युरोप आणि दक्षिण अमेरिकेचे संघ थेट उपांत्य फेरीत. त्यामुळे बहुतेक वेळा शेवटी जुनीच जोडी समोर यायची. २०१० मध्ये काँगोच्या टीपी माझेम्बेने हा शिरस्ता मोडला आणि अंतिम सामना गाठला. इंटर मिलानने तिथे त्यांना ३-० ने हरवलं, ती गोष्ट वेगळी.

जुन्या विजेत्यांना जगज्जेते म्हणायचं की नाही, हा वाद बरीच वर्षं चालला. त्याचा निकाल लागला तो भारतात. ऑक्टोबर २०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषकाचे सामने नवी मुंबईत आणि मडगावच्या फातोर्डा मैदानावरही रंगले होते. त्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी फिफाची परिषद कोलकात्यात भरली आणि १९६० ते २००४ चे सगळे विजेते अधिकृतपणे जगज्जेते ठरले. अ‍ॅटलेटिकोसुद्धा.

आता पुन्हा दोन वेगळ्या वाटा झाल्या आहेत. २०२५ पासून क्लब वर्ल्ड कप दर चार वर्षांनी, उन्हाळ्यात, ३२ संघांचा. इथे येणारा प्रत्येक संघ खंडाचा विजेता असतोच असं नाही: युरोपचेच बारा संघ होते, आणि यजमान अमेरिकेचा प्रतिनिधी म्हणून इंटर मियामीही. चेल्सी आला तो २०२१ च्या चॅम्पियन्स लीग (युरोपातली अव्वल क्लब स्पर्धा) विजयाच्या जोरावर, चार वर्षांच्या जुन्या शिदोरीवर.

इंटरकॉन्टिनेंटल कपचं नाव फिफाने २०२४ मध्ये पुन्हा बाहेर काढलं. तो दरवर्षी, डिसेंबरमध्ये संपतो आणि त्यात फक्त त्या त्या वर्षीचे सहा खंडविजेते. युरोपचा विजेता थेट अंतिम सामन्यात उतरतो. बाकीच्या पाचांनी आपसांत लढून त्याच्यासमोर उभं राहायचं. २०२४ ला रेआल माद्रिदने मेक्सिकोच्या पाचुकाला ३-० ने हरवलं. न्याय म्हणून ही पद्धत मला पटत नाही. एकाने एक सामना खेळायचा, दुसऱ्याने तीन. पण त्या वर्षीचा राजा कोण, हा प्रश्न असेल तर उत्तर या कपात शोधावं. ३२ संघांच्या महिनाभराच्या जत्रेत कोण तग धरतो, हे क्लब वर्ल्ड कप सांगतो.

फ्लामेंगो २०२५ च्या डिसेंबरात कतारमधल्या अंतिम सामन्यात पोहोचला तो आधी मेक्सिकोच्या क्रूझ अझुलला आणि इजिप्तच्या पिरॅमिड्सला हरवून. झिकोच्या त्या विजयाला ४४ वर्षं झाली होती. सामना १-१ राहिला, आणि पेनल्टींमध्ये पीएसजीचा गोलरक्षक मातवेई साफोनोव्हने त्यांचे पाचपैकी चार फटके अडवले.