गुडघ्याच्या एसीएलसाठी कंडरा कुठून घ्यायची : एका वादाची पार्श्वभूमी

धाराशिवच्या खो-खो मैदानावर नाहीतर परभणीकडच्या कबड्डीत एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड जोडणारा पट्टा (लिगामेंट), तुटला की घरच्यांचे प्रश्न ठरलेले असतात : खर्च किती, आणि पोराला पुन्हा खेळता येईल का? तुटलेल्याच्या जागी नवा लिगामेंट म्हणून रुग्णाचीच एखादी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, बसवतात; ती अंगातल्या कोणत्या जागेवरून काढणार, हे फार कमी जण विचारतात. खरं तर पुढच्या कित्येक वर्षांचं बसणं-उठणं त्यावर ठरतं. वाद आहे तो हाच : वाटीखालची कंडरा, मांडीमागची की घोट्याजवळची?

सुरुवातीचा इतिहास थोडक्यात असा. 1917 मध्ये इंग्लंडमध्ये मांडीच्या बाहेरच्या अंगाच्या जाड पडद्याची पट्टी गुडघ्यातून ओवण्यात आली. 1963 मध्ये अमेरिकेत वाटीखालच्या, म्हणजे पटेलर कंडरेचा मधला भाग वापरला गेला. 1980 च्या सुमारास ही शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होऊ लागली. त्याच दशकात कार्बन आणि डेक्रॉन या पॉलिएस्टर धाग्याच्या कृत्रिम लिगामेंटचीही लाट आली. ते धागे झिजले, तुटले, गुडघे सुजले आणि बहुतेक सर्जन रुग्णाच्या स्वतःच्या कंडरेकडे परतले.

पटेलर कंडरेचा ग्राफ्ट, म्हणजे काढून दुसरीकडं बसवायचा तुकडा, साधारण 10 मिमी रुंद घेतात आणि त्याच्या दोन्ही टोकांना हाडाचा तुकडा असतो. हाडाला हाड लवकर जुळतं, म्हणून अनेक देशांत खेळाडूंसाठी अजूनही त्यालाच पसंती आहे. अडचण पुढच्या बाजूच्या दुखण्याची. गुडघे टेकले की तिथं टोचतं, आणि आपल्याकडं गुडघे टेकणं टळत नाही. नमाज आहे, शेतातली खुरपणी आहे, घरातली फरशी पुसणं आहे.

1990 नंतर हॅमस्ट्रिंगचा, म्हणजे मांडीच्या मागच्या, गुडघा दुमडणाऱ्या स्नायूंच्या कंडरांचा जोर वाढला. गुडघ्याच्या आतल्या बाजूला, सांध्याच्या रेषेखाली सुमारे 5 सेंमीवर, नडगीच्या हाडाला तीन कंडरा येऊन चिकटतात. सार्टोरियस वर पडद्यासारखी पसरलेली असते. तिच्याखाली ग्रॅसिलिस आणि त्याच्याही खालच्या अंगाला सेमिटेंडिनोसस. शेवटच्या दोन काढून, दुमडून चार पदरी करतात. ऐकायला सोपं वाटतं, पण सेमिटेंडिनोससला पोटरीच्या स्नायूकडं जाणारे आडवे पट्टे असतात. ते सगळे मोकळे न करता स्ट्रिपर, म्हणजे कंडरा सोलून काढायचं हत्यार, वर सरकवलं तर कंडरा मध्येच कापली जाते आणि हातात आखूड तुकडा येतो. जवळूनच त्वचेला संवेदना देणाऱ्या सॅफिनस नसेच्या फांद्या जातात. नडगीच्या वरच्या भागाला शस्त्रक्रियेनंतर बधिरपणा येतो तो बहुधा त्यामुळे. शिवाय कंडरा बारीक निघाली आणि चार पदर करूनही ग्राफ्ट 8 मिमीच्या आत राहिला, तर तो पुन्हा तुटण्याची धास्ती वाढते.

खो-खोत आठ जण पाटीवर उकिडवे बसलेले असतात आणि 'खो' मिळताच तिथूनच झेपावतात. हॅमस्ट्रिंग काढल्यावर जोर कमी पडतो तो नेमका गुडघा पूर्ण दुमडलेला असताना. अनेकांमध्ये ही कंडरा काही महिन्यांत परत वाढलेली दिसते, पण आधीच्या जागी, आधीच्या ताकदीनं चिकटेलच असं नाही. आणि नडगी पुढं सरकू न देण्याच्या कामात हॅमस्ट्रिंग हे एसीएलचे मदतनीस! मदतनिसालाच कापून एसीएल बनवायचा, ही खटकणारी गोष्ट आहे.

या खटकण्यातूनच गेल्या काही वर्षांत भारतात पेरोनियस लाँगस पुढं आला. घोट्याच्या बाहेरच्या हाडामागून जाणारी ही कंडरा त्वचेच्या अगदी जवळ असते. छोटा छेद पुरतो, लांबी भरपूर मिळते आणि दुपदरी केली की बहुतेकदा 8 मिमीच्या आसपास जाडी येते. स्ट्रिपर वर नेताना फिब्युलाच्या, म्हणजे नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या, वरच्या टोकाच्या बराच खाली थांबावं लागतं, नाहीतर तिथल्या नसेला इजा होऊन पाऊल लुळं पडू शकतं. उरलेलं खालचं टोक शेजारच्या पेरोनियस ब्रेव्हिसला शिवतात. मोटारसायकलच्या अपघातात गुडघ्याचे दोन-तीन लिगामेंट एकदम तुटलेले असतील, तर आतल्या बाजूचे हॅमस्ट्रिंग न छेडता हा ग्राफ्ट घेणं मला योग्यच वाटतं.

पण साध्या, एकट्या एसीएलसाठी सरसकट हाच ग्राफ्ट? इथं माझं मत सावध आहे. पाऊल बाहेर वळवणं आणि अंगठ्याच्या मुळाशी जमीन दाबणं हे या कंडरेचं काम. नांगरलेल्या काळ्या रानात ढेकळांवरून, बांधावरून चालणाऱ्याचा घोटा दिवसभर हेच करतो. घोट्याला फारसा त्रास होत नाही असं सांगणारे अभ्यास आहेत, पण त्यातले बरेच एक-दोन वर्षांच्या पाठपुराव्याचे. उलट नॉर्वेत 2004 पासून एसीएलच्या शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंद ठेवली जाते. पटेलरपेक्षा हॅमस्ट्रिंगच्या ग्राफ्टवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचं प्रमाण जास्त आहे, हे तशा नोंदींतूनच दिसलं. पेरोनियसच्या मागं एवढ्या लांबीचा पुरावा अजून नाही.

आता वाटीच्या वरची, मांडीच्या पुढच्या स्नायूची क्वाड्रिसेप्स कंडराही या यादीत आली आहे. तिची खरी गरज भासते ती दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळी. पहिला ग्राफ्ट तुटून आलेल्या रुग्णाच्या बाबतीत कोणती कंडरा आधीच गेली आणि कोणती शिल्लक आहे, हे सर्जनला पहिल्यांदा बघावं लागतं. म्हणून डिस्चार्ज कार्डावर ग्राफ्टची जागा, जाडी आणि तो स्क्रूनं बसवला की बटनानं, हे लिहून घ्यावं आणि ते कार्ड जपून ठेवावं.