पार्श्वभूमी : ‘मंचकिन’मधल्या गोंधळाचं मूळ

‘मंचकिन’ हा पत्त्यांचा खेळ २००१ साली टेक्सासमधल्या एका छोट्या प्रकाशनाने काढला. दार उघडा, राक्षस मारा, खजिना घ्या हा क्रम खेळणाऱ्यांना पाठ असतो. नावाचा प्रवास मात्र फारसा कुणी सांगत नाही, आणि खेळाचा स्वभाव त्या नावातच आहे.

१९०० सालच्या एका अमेरिकी बालकादंबरीत काल्पनिक प्रदेशातल्या बुटक्या माणसांना हे नाव दिलं होतं. पुढे १९७४ पासून रोलप्लेइंग खेळ, म्हणजे एकेक पात्र वठवत सगळ्यांनी मिळून गोष्ट रंगवायचे खेळ, रुजले, शाळकरी पोरंही त्यात येऊ लागली, आणि जुने खेळाडू त्यांना ‘मंचकिन’ म्हणू लागले. म्हणजे आपला लिंबूटिंबू. पण लिंबूटिंबूला आपण सांभाळून घेतो. यांना हिणवलं जाई. हळूहळू वय मागे पडलं आणि वृत्ती उरली. सगळे मिळून गोष्ट रंगवत असताना ज्याला फक्त आपली तलवार मोठी हवी, तो मंचकिन, मग तो चाळिशीचा का असेना. इथे ‘रडीचा डाव’ हा शब्द चटकन सुचतो, पण तो चपखल नाही. रडी खेळणारा नियम मोडतो. मंचकिन नियमाचं अक्षर न अक्षर पाळतो, कलमाकलमांतल्या फटी शोधतो आणि खेळाचा जीव घेतो. त्याला फसवा म्हटलं की मुद्दाच हातचा जातो.

१९९९ मध्ये त्याच प्रकाशनाने या वृत्तीची थट्टा करणारं एक पुस्तक काढलं. खेळ त्यातूनच आला. ज्या दोषावर नाकं मुरडली जात, तोच इथे सगळ्या भिडूंचा धर्म ठरला. माझ्या मते या खेळातला सगळ्यात धाडसी निर्णय हाच.

दुसरा निर्णय वादाचा : खेळाडू एकेक पातळी चढत जातो, दहावी आधी गाठेल तो जिंकतो, पण ही दहावी पातळी फक्त राक्षस मारूनच मिळते. त्यामुळे कुणी नवव्या पातळीवर पोचला, की बाकीच्यांनी डावभर जपलेले शाप आणि राक्षसाचं बळ वाढवणारे पत्ते एकदम त्याच्यावर पडतात. मदतीला एकच भिडू घेता येतो, तोही बहुधा खजिन्याचा वाटा ठरवूनच येतो. शेवट लांबतो, आधीच्या चालींना मोल राहत नाही, ही तक्रार खरी आहे. पण ही अट काढली तर प्रत्येक जण आपापले पत्ते लावत बसेल आणि समोरच्याकडे बघायचं कारणच उरणार नाही.

सौदेबाजीची ही परंपरा जुनी. १९७७ मध्ये युती आणि नियमभंगाच्या शक्तींवर उभा असलेला एक अवकाश-खेळ आला होता. १९८२ मध्ये तर याच प्रकाशनाने गुप्त संघटनांच्या कारस्थानांचा खेळ काढला.

२००१ नंतर मात्र संचांची रीघ लागली : २००२ मध्ये अंतराळ, २००३ मध्ये कुंग फू, २००४ मध्ये रक्तपिपासू, २००५ मध्ये सुपरहिरो. हे संच एकमेकांत मिसळता येतात. खरा गोंधळ तिथूनच वाढला, कारण एका संचातला पत्ता दुसऱ्यातल्या पत्त्याशी कसा वागेल हे टेबलावरच ठरवावं लागतं. त्यावरचा तोडगा नियमपुस्तिकेत पहिल्यापासून छापलेला आहे : मोठ्याने भांडा, शेवटचा शब्द खेळाच्या मालकाचा. दोघांचे संच एकत्र पिसले, तर मालक नेमका कोण, यावर मग भांडण नव्याने सुरू होतं.